टिचकीआधी, टिचकीनंतर

गुरुवारी सकाळी पावणेदहा वाजता, मुलुंड पूर्वेच्या श्रमसाफल्य सोसायटीत, चौथ्या मजल्यावर खांबेट्यांच्या गॅलरीतल्या घडीच्या टेबलावर पुढील गोष्टी होत्या. एक टोक बंद असलेली काचेची नळी, एक नग, लांबी एक्क्याण्णव सेंटिमीटर. चिनी मातीचा पसरट पेला, एक. पारा, सहाशे चौऱ्याऐंशी ग्रॅम, काचेच्या बाऊलमध्ये, वर बोटभर पाणी, म्हणजे वाफ उठायला नको. निळे हातमोजे, सहा जोड. ड्रॉपर दोन, फिल्टर पेपर पंचवीस, गंधकाची पूड पन्नास ग्रॅम, पारा सांडलाच तर त्यावर टाकायला. नायट्रिक ॲसिड, शून्य मिलिलिटर.

ही शेवटची नोंद यज्ञेशने स्वतःच्याच अक्षरात दोनदा वाचली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, प्रयोगवहीत आयुष्यात एक रेघ तिरकी न मारलेल्या या मुलाने आधी यंत्र सोडवलं होतं आणि ॲसिडची चौकशी नंतर करायची ठरवली होती. वेळापत्रकात तसंच होतं. नऊ ते साडेनऊ: बॅरोमीटर उतरवणे. साडेनऊ ते नऊ चाळीस: ॲसिड मागवणे. दहा मिनिटांत दारात कोथिंबीर येते, मग ॲसिड का येणार नाही, असा त्याने विचार केला होता. म्हणजे विचार केलाच नव्हता.

हा बॅरोमीटर घरातला चौथा माणूस होता. यज्ञेशचे बाबा, अनंत खांबेटे, घाटकोपरच्या एका कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर होते. जून १९९३ मध्ये त्यांनी तो स्वतः उभा केला: शिसवी फळी, तिच्यावर पाऱ्याने भरून उलटी केलेली नळी, खाली पेला, बाजूला सरकती पितळी पट्टी. हवेचा दाब वाढला की नळीतला पारा चढतो, कमी झाला की उतरतो. तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला बाबा त्याच्यासमोर उभे राहत आणि आकडा वहीत लिहीत. एकदा त्यांना टायफॉइड झाला, तेव्हा आईने वाचलं. दोन हजार पाचच्या पुरात ते गळ्याएवढ्या पाण्यातून दुसऱ्या दिवशी सव्वाआठला घरी पोचले, पँट न बदलता आकडा लिहिला आणि मग आईला म्हणाले, "मी ठीक आहे." तीस वर्षांत एक ओळ कोरी नव्हती.

मात्र पारा म्हातारा झाला होता. त्यावर काळपट साय धरली होती, नळीच्या काचेला तो चिकटायचा आणि जिथे चिकटेल तिथेच बसून राहायचा. त्यामुळे बाबांनी वहीत दोन रकाने केले होते. पहिला, 'टिचकीआधी'. मग फळीवर नखाने तीन टिचक्या. पारा दचकून दीड मिलिमीटर वर सरकायचा. मग दुसरा, 'टिचकीनंतर'.

"बाबा, शुद्ध पाऱ्याला टिचकी लागत नाही," यज्ञेशने एकदा सांगून पाहिलं होतं. "यात जस्त, शिसं, काहीतरी विरघळलंय. पातळ नायट्रिक ॲसिडने धुतला तर एका दिवसात निघेल."

"तुझा पारा पुस्तकातला," बाबा म्हणाले. "हा भिंतीवरचा आहे."

हे वाक्य यज्ञेशला लागलं होतं. पाच वर्षं रसायनशास्त्र शिकलेल्या मुलाला स्वतःच्या घरातलं एकुलतं एक मूलद्रव्य हाताळायला मिळत नाही, याच्यासारखा अपमान नाही. म्हणून बाबा देवस्थानच्या मीटिंगसाठी चार दिवस गुहागरला निघाले आणि जाताना बोट उचलून म्हणाले, "रोज साडेआठ. फक्त बघायचं. हात लावायचा नाही," तेव्हा यज्ञेशने मान डोलावली आणि मनातल्या मनात वेळापत्रक केलं. गुरुवारी साडेआठचा आकडा घ्यायचा, उतरवायचा, धुवायचा, भरायचा, आणि शुक्रवारी साडेआठला स्वच्छ पाऱ्यावर आकडा लिहायचा. चोवीस तास. बाबा सोमवारी येतील तेव्हा चकाकता स्तंभ बघून काहीतरी बोलतील. काय बोलतील ते ठरवायचं काम त्याने बाबांवर सोडलं होतं.

गुरुवारचा आकडा होता टिचकीआधी ७४९.८, टिचकीनंतर ७५१.३. तो बाबांना फोनवर सांगून झाला होता.

मस्जिद बंदरच्या केमिकलवाल्याने फोनवर विचारलं, "किती ड्रम?"

"शंभर मिलिलिटर."

तेव्हा केमिकलवाल्याने जीएसटी नंबर, लेटरहेड, वापराचं प्रतिज्ञापत्र आणि 'सरांची सही' मागितली. कुठले सर, हे त्यालाही माहीत नव्हतं. यज्ञेश मग स्टेशनजवळच्या सोन्याच्या कारागिराकडे गेला, कारण तिथे हे ॲसिड असतंच. कारागिराने भिंगातून आधी त्याच्याकडे आणि मग त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "दागिना कुणाचा?" "दागिना नाही, पारा आहे." "पारा घरचा की बाहेरचा?" या प्रश्नाचं उत्तर देताना यज्ञेशचा चेहरा इतका अपराधी झाला की कारागिराने काउंटरची काच सरकवून बंद केली.

शेवटी गंधालीला फोन करावा लागला. गंधाली त्याची वर्गमैत्रीण, चेंबूरला पीएचडी करत होती आणि यज्ञेशपेक्षा पाच मार्कांनी पुढे होती, हे दोघांच्याही कायम लक्षात असायचं.

"घरात पारा उघडलास? वेडा आहेस का यार?"

"पाण्याखाली आहे. गॅलरीत. खिडक्या सताड उघड्या. आईला दार ओलांडायची बंदी आहे."

"आणि ॲसिड नाही."

"...नाही."

"झकास," गंधाली म्हणाली. पण दीड वाजता ती आली. हातात पातळ केलेलं ॲसिड, बाटलीवर तीन लेबलं, सोबत गाइडच्या सहीची चिठ्ठी. "धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. एक थेंबही नाही. बरणीत साठव, मी आमच्या घातक कचऱ्यात नेईन. आणि गरम काहीही करायचं नाही. पाऱ्याचं ऊर्ध्वपातन वगैरे डोक्यात आलं तर मी स्वतः पोलिसात जाईन."

तीन वाजेपर्यंत सगळं सुरळीत झालं, आणि हीच काळजीची गोष्ट होती. ॲसिडमधून पारा थेंबाथेंबाने सोडला तशी काळी साय विरघळत गेली. चौथ्या धुण्याला बाऊलच्या तळाशी असा आरसा पडला की यज्ञेशला त्यात गॅलरीचं ग्रिल, वाळत घातलेले बाबांचे बनियन आणि स्वतःचं नाक मोजता येण्याइतकं स्पष्ट दिसलं. बशीत एक थेंब फिरवून पाहिला. मळकट पारा पळताना मागे शेपूट ओढतो. हा गोल राहिला. यज्ञेशने वहीत लिहिलं, 'शेपूट नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या जयंतीकाकूंनी ग्रिलमधून मान वर केली. "काय रे ते चमकतंय?"

यज्ञेश खोटं बोलायला शिकलेला नव्हता. ते शिक्षण त्याला दुसऱ्या दिवशी मिळायचं होतं. "पारा आहे काकू. शुद्ध करतोय."

"अगंबाई! मग शिवलिंग कर त्याचं. श्रावण आहे. पाऱ्याच्या लिंगाची पूजा केली की सहा महिन्यांत नोकरी. माझ्या भाच्याला लागली ना बँकेत."

"काकू, हा विषारी असतो."

"विषारी कसला? आम्ही तांदळात पाऱ्याच्या टिकड्या टाकतो. किडे होत नाहीत."

"किडे का होत नाहीत, याचा विचार करा ना काकू."

जयंतीकाकूंनी विचार केला. तो विचार त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पावणेचारला सेक्रेटरी दशरथ परब यांचा फोन आला, की चार वाजता खाली ऑफिसात ये, आणि मग आपण वर पाहणीला जाऊ.

परबकाका विक्रोळीच्या एका मोठ्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं साहेबांची गाडी चालवून निवृत्त झाले होते आणि सोसायटीही ते तशीच चालवत: हळू, स्वच्छ, आणि प्रत्येक वळणावर हॉर्न देत. त्यांनी ड्रॉवरमधून परवानगीचा फॉर्म काढला. त्यात चार चौकोन होते. नूतनीकरण, भाडेकरू, पाळीव प्राणी, इतर.

"ह्या तुझा खयच्या चौकोनात बसता?"

"इतर."

"इतर म्हटलंस की मॅनेजिंग कमिटीचो ठराव लागता. मीटिंग दुसऱ्या रविवारी."

"काका, उद्या साडेआठच्या आत मला तो परत भरायचाय."

"मग पाळीव प्राणी लिव. ता माझ्या सहीन होता."

यज्ञेशची तत्त्वं आडवी आली. पारा प्राणी नाही, हे तो वीस मिनिटं समजावत राहिला. या वीस मिनिटांत वर चौथ्या मजल्यावर काय घडलं ते कळायला त्याला साडेतीन तास लागणार होते.

पाहणी झाली. गॅलरीत टेबल होतं, नळी होती, गंधक होतं. बाऊल होता. बाऊलमध्ये स्वच्छ पाणी होतं. पारा नव्हता.

"काय नाय हय," परबकाका म्हणाले, जरा निराश होऊन. "नुसता पाणी." आणि 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असं लिहून निघून गेले.

सहाशे चौऱ्याऐंशी ग्रॅम पारा हवेत उडत नाही. इतक्या लवकर तर नाहीच. मग तो सांडला होता. फरशीच्या फटीत, जाळीतून खाली जयंतीकाकूंच्या तुळशीत, कदाचित त्यांच्या तांदळात. आई भजनी मंडळात गेली होती आणि मंडळात फोन बंद असायचा. त्याने टॉर्च घेऊन फरशीला गाल लावला आणि इंच इंच शोधलं. त्याला दोन बटणं, एक रबरबँड आणि सातवीत हरवलेला कोनमापक मिळाला. साडेसातला आई टाळ घेऊन घरात शिरली तेव्हा तो सोफ्याखाली होता आणि फक्त पाय बाहेर होते.

"काय शोधतोयस रे?"

"आई, पारा! सगळा पारा गेला!"

"जातोय कुठे? देवामागे ठेवलाय." आईने, म्हणजे सुनंदाबाईंनी, शांतपणे टाळ खुंटीला लावले. "परब वर येणार म्हणालास ना? म्हटलं लपवावा. देवाच्या कपाटात कोण हात घालतंय? आणि तुझे ते निळे मोजे घालूनच केलं हो सगळं. तोंडाला रुमालही बांधला होता."

यज्ञेशला आईचा आयुष्यात कधी नव्हता इतका अभिमान वाटला. तो पुढचं वाक्य येईपर्यंत टिकला.

"शुद्ध केलेला पारा म्हणून मुद्दाम चांदीच्या वाटीत ठेवला. चांदीत सगळं शुद्धच राहतं."

वाटी यज्ञेशच्या उष्टावणाची होती. हिच्यातूनच त्याने पहिला खिरीचा चमचा खाल्ला होता. आईने ती तीस वेळा तरी त्याला दाखवली होती आणि प्रत्येक वेळी 'चार तोळे' म्हटलं होतं. बाळकृष्णामागून त्याने ती बाहेर काढली. आतून ती चकाकत नव्हती. पांढुरकी, खरबरीत झाली होती, आणि पाऱ्यावर बारीक वाळूसारखे कण तरंगत होते. पारा सोनं खातो, चांदी खातो. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. मात्र चांदीच्या वाटीत आई काय ठेवते, हे कुठल्याच पुस्तकात नसतं.

त्याने स्वयंपाकघराच्या काट्यावर वजन केलं. हा काटा एक ग्रॅमच्या खाली मोजत नाही, याचं त्याला एरवीही वाईट वाटायचं. पारा सहाशे एकोणसत्तर. पंधरा कमी. वाटी साठ. पूर्वी सेहेचाळीस होती.

"वाटी जड झाली की!" आई खूष झाली. "बघ, बरकत."

"आई, त्यात पारा शिरलाय. आता यात कुणी खायचं नाही. कधीच नाही."

सुनंदाबाईंचा चेहरा पडला. वाटीला हात लावायला त्या पुढे झाल्या आणि थांबल्या. "मग तुझ्या मुलाचं उष्टावण कशात करायचं?"

नोकरी नाही, लग्न नाही, उद्या साडेआठला बॅरोमीटर नाही, आणि हा प्रश्न. यज्ञेशने वाटी झाकणाच्या बरणीत बंद केली. उरलेला एक ग्रॅम त्याला बाळकृष्णाच्या चौरंगाखाली दोन गोळ्यांच्या रूपात सापडला. तो त्याने चिकटपट्टीने उचलला, कपाट उघडं ठेवून पंखा लावला आणि देवाची मनोमन माफी मागितली.

शुक्रवारी साडेआठला तो भिंतीसमोर उभा राहिला. भिंतीवर फळीच्या आकाराचा फिकट पट्टा होता. वही उघडी होती. आठ पस्तीसला फोन वाजला. गुहागरच्या त्या देवळात तिसऱ्या पायरीवर रेंज यायची आणि बाबा बरोबर तिसऱ्या पायरीवर उभे होते.

"काय आला?"

यज्ञेशने सकाळीच मोबाइलवरून दाब पाहिला होता, चौथ्या मजल्याची उंची वजा केली होती आणि मिलिमीटर काढले होते. प्रामाणिक अप्रामाणिकपणा म्हणतात तो हाच. "सातशे चोपन्न पूर्णांक दोन."

पायरीवर बाबांनी मनात वजाबाकी केली.

"काल सातशे एक्कावन्न होता. मुलुंडवर एका रात्रीत काय झालं?"

यज्ञेशच्या लक्षात आलं. त्याचा आकडा खोटा होता, कारण तो फार खरा होता. मळका पारा आणि नळीत शिरलेली हवा यांच्यामुळे घरातला बॅरोमीटर कित्येक वर्षं तीन मिलिमीटर कमी दाखवत होता, आणि बाबांना ते तीन मिलिमीटर पोटच्या पोराइतके ओळखीचे होते.

"टिचकी... टिचकी मारली नाही अजून."

"टिचकीने तो वर जातो, खाली येत नाही. परत नीट बघ. मार टिचकी."

यज्ञेशने नखाने भिंतीवर तीन टिचक्या मारल्या. "सातशे एक्कावन्न पूर्णांक चार. मगाशी चुकून वरची रेघ वाचली."

"हं," बाबा म्हणाले. "लिही." आणि रेंज गेली.

त्याने लिहिलं. टिचकीआधी ७५०.०, टिचकीनंतर ७५१.४. पेनाने. एम.एस्सी.ला 'नोंदींची सचोटी' या विषयावर त्याला वर्गात सर्वाधिक मार्क होते. गंधालीपेक्षा दोनाने जास्त.

दिवसभर त्याने फिल्टर पेपरला टाचणीने भोक पाडून पारा गाळला. चांदीचे कण भोकात बसायचे आणि गाळणं थांबायचं. ॲसिडनेही चांदी निघेना. ती पाऱ्याइतकीच हट्टी असते. शेवटी पुन्हा गंधाली.

"चांदीच्या वाटीत?" ती एवढी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग गंभीर झाली. "ऐक. चांदीचे घट्ट कण वेगळे करायची जुनी पद्धत आहे. मऊ चामड्यातून पिळायचा. गाडी पुसतात ना, शॅमॉय लेदर. पारा बाहेर येतो, कण आत राहतात. थोडी चांदी विरघळलेली राहील, पण ती साय धरत नाही. तुझ्या बाबांच्या कामाला पुरेल. पण खरं चामडं हवं. बाजारात मिळतं ते सगळं प्लॅस्टिक असतं."

यज्ञेशने पाच दुकानं पालथी घातली. पाचही ठिकाणी खरं चामडं म्हणून पिवळं प्लॅस्टिक दाखवलं. संध्याकाळी तो गेटपाशी हताश उभा असताना परबकाका आपली जुनी गाडी पुसत होते, आणि त्यांच्या हातात मधासारख्या रंगाचं, हाताच्या ऊबेने मऊ झालेलं फडकं होतं.

"काका, हे चामडं आहे? खरं?"

"खरा म्हणजे? आमच्या सायबान परदेशातसून हाडलेला. चोवीस वर्सां झाली. रिटायर झालंय तेव्हा सगळ्यांनी घड्याळ दिलां. सायबान ह्या दिलां." त्यांनी ते छातीशी धरलं. "कित्याक विचारतंस?"

यज्ञेशने सगळं सांगितलं. वाटी, बाळकृष्ण, तिसरी पायरी, भिंतीवरच्या टिचक्या. खोट्या आकड्यापाशी आल्यावर त्याचा आवाज बारीक झाला. परबकाकांनी गाडीच्या आरशात स्वतःला पाहिलं.

"म्हणजे काल पाणी होता, तेव्हा पारो देवामागे होतो."

"हो."

"आणि मी लिवलंय, काय आढळला नाय." "अरे झिला, पाळीव प्राणी लिवला असतंस तर काय बिघडला असता? उद्या बारा वाजता येतंय. सोसायटीच्या वतीन. पिळताना मी हजर रवतलंय."

शनिवारी सकाळी साडेआठला फोन आला नाही. आठ पस्तीसला नाही, पावणेनऊला नाही. यज्ञेश वहीसमोर पेन घेऊन बसला होता. डोक्यात आपोआप ७५१.२ तयार झालं. टिचकीआधी ७४९.९. दोन्ही आकडे इतक्या सहज आले, इतके हुबेहूब, की त्याने पेन खाली ठेवलं. काल पहिलं खोटं बोलायला पाच मिनिटं लागली होती. आज पाच सेकंद. अशाने सोमवारपर्यंत तो आठवडाभराचं हवामान बसल्याजागी लिहील आणि बाबांना पत्ताही लागणार नाही.

त्याने पट्टी घेतली. शुक्रवारच्या आकड्यांवर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, प्रयोगवहीच्या नियमाप्रमाणे. बाजूला लिहिलं: 'आकडा घेतलेला नाही. उपकरण मी उतरवले होते. य. खां.' शनिवारच्या ओळीत लिहिलं: 'उपकरण बंद.' आणि तो तसाच बसून राहिला, कारण तीस वर्षांत पहिल्यांदा त्या वहीत हवेच्या दाबाऐवजी माणसाविषयी काही लिहिलं गेलं होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

बाराला परबकाका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी केलेलं चामडं. दारात सुनंदाबाई आडव्या आल्या.

"श्रावणात घरात चामडं?"

"वैनी, घरात नाय. गॅलरीत. आणि चपला काय आपण श्रावणात कापडाच्यो घालतंव?"

गॅलरीला श्रावण लागू नाही, अशी तडजोड झाली. तोंडाला मास्क, हातात दुहेरी मोजे, खाली मोठा ट्रे. यज्ञेशने चामड्याच्या मधोमध पारा ओतला आणि कडा गोळा करून पुरचुंडी वळली. चक्क्याची असते तशी. पिळली. काहीच झालं नाही.

"दे हय. तुझो हात पुस्तकी."

परबकाकांनी पुरचुंडी धरली आणि अठ्ठावीस वर्षं स्टिअरिंग फिरवलेल्या मनगटाने हळूच पीळ दिला. चामड्याच्या छिद्राछिद्रातून चांदण्यांएवढे थेंब बाहेर आले, ओघळले, एकमेकांत मिसळले आणि बाऊलमध्ये एकाएकी आरसा झाला. यज्ञेश, परबकाका आणि दाराआडून आई, तिघंही पाहत होते. खाली जयंतीकाकूही पाहत होत्या.

"ह्या काय असा रे," परबकाका हळूच म्हणाले. "ह्या तक्रार करण्यासारखा नाय."

आत राहिला राखाडी, ओलसर वाळूसारखा गोळा, पाच ग्रॅम. पारा सहाशे चौसष्ट. चामडं मात्र गेलं. आता ते गाडीला लावायचं नव्हतं, गंधालीच्या बरणीत जायचं होतं. परबकाकांनी ते स्वतःच्या हाताने आत टाकलं, झाकण फिरवलं आणि मोजे काढल्यावर डोळे शर्टाच्या बाहीला पुसले. "घाम," ते म्हणाले.

नळी भरायला संध्याकाळचे सहा वाजले. ड्रॉपरने थेंब थेंब, बुडबुडा दिसला की नळी तिरकी करून तो वर काढायचा. दोनदा उलटी केल्यावर वर हवा दिसली, दोनदा पुन्हा भरली. तिसऱ्यांदा यज्ञेशने नळी तिरकी केली तेव्हा पारा बंद टोकाला आपटून 'टक्' असा आवाज झाला, दगडावर खडा पडावा तसा.

"इंजिनात हवा नाय," परबकाकांनी निदान केलं.

फळी भिंतीवर गेली. पट्टा झाकला गेला. पण सोमवारी बाबा वही उघडतील, हे त्या फळीने झाकलं जात नव्हतं.

बाबा सोमवारी आले नाहीत. रविवारी सकाळी सव्वाआठला बेल वाजली आणि दारात ते होते, हातात बॅग, पिशवीत फणसपोळी, रात्रभरच्या बसने चुरगळलेला झब्बा.

"अहो, मीटिंग?" आई म्हणाली.

"मीटिंगमध्ये लक्ष लागेना." त्यांनी चपला काढल्या आणि यज्ञेशकडे न बघता म्हणाले, "शिसवी फळीवर टिचकी मारली की ठक् वाजतं. परवा फोनवर पचक् वाजलं. सिमेंटवर मारल्यासारखं. म्हटलं फळी पडली. नळी फुटली. मग म्हटलं, पोराला काही लागलं तर नाही? काल दिवसभर फोन करायचं धाडस झालं नाही."

यज्ञेशने तोंड उघडलं, पण बाबा वहीपाशी पोचले होते. त्यांनी चष्मा लावला. आडवी रेघ वाचली. रेघेखालचे आकडे वाचले. 'य. खां.' वाचलं. 'उपकरण बंद' वाचलं. तीस वर्षांच्या भरलेल्या ओळींखाली या दोन ओळी, मधल्याच पडलेल्या दातांसारख्या. आईने पदराचं टोक धरलं होतं.

"आईची चूक नाही," यज्ञेश म्हणाला. "वाटीचं मी सांगतो. पण उतरवला मी. आणि खोटं मी बोललो."

बाबांनी वहीवरून बोट फिरवलं. "रेघ सरळ आहे," ते म्हणाले.

साडेआठ झाले. ते भिंतीसमोर उभे राहिले. पितळी पट्टी सरकवली, डोळा स्तंभाच्या पातळीला आणला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. पाऱ्याचं डोकं गोल, फुगीर होतं, काचेला कुठेच धरलेलं नव्हतं. त्यात एक बारीकसे बाबा दिसत होते. त्यांनी एक आकडा पुटपुटला. मग नख उचललं, आणि सवयीने फळीवर तीन टिचक्या मारल्या. ठक्, ठक्, ठक्. पुन्हा डोळा लावला. चष्मा काढला, झब्ब्याला पुसला, घातला, आणि तिसऱ्यांदा पाहिलं.

"पेन घे," ते म्हणाले. "तूच लिही."

यज्ञेशने लिहिलं. रविवार, सकाळी साडेआठ. टिचकीआधी ७५४.० मिलिमीटर. टिचकीनंतर ७५४.० मिलिमीटर.